बाहेरचा सूर

येना, १० सप्टेंबर २००६

सरिता,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. फोनच्या मशीनवर उल्हासचे निरोप साठलेत. "ताई, उचल ना." "ताई, आहेस ना?" आहे. उचलत नाही, कारण बोलता येत नाही. घशात एक गाठ होती. तुम्ही उन्हाळ्यात सांगलीला गेला होतात तेव्हा इथल्या क्लिनिकमध्ये ती काढून घेतली. साधी होती. आवाज बसलाय, येईल सावकाश. तोवर पत्रं लिहू. इमेल नको, पडद्याकडे बघून डोळ्यांचा भुगा झालाय, आणि तुझं अक्षर मला आवडतं. माझ्या भावाला सांग, धावत येऊ नकोस, गेर्लिंगेनच्या ऑफिसातल्या साहेबांना तुझी जास्त गरज आहे.

आता कामाचं. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे अॅडव्हेंटला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, जी घरगुती मैफल होते, तिथे यंदा मी पियानो आणि तुझी अन्वी बासरी, असं ठरलंय. काय वाजवायचं ते सापडलं. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका फ्रेंच बाईच्या तीन छोट्या रचना मिळाल्या, पहिल्या महायुद्धाच्या आधी छापलेल्या. बाईंचं नाव कुठल्याच कोशात नाही. प्रत्येक रचना एकेका कवितेवर बेतलेली आहे. तुला कळेल असं सांगायचं तर यात समेवर यायची घाई कुणालाच नाही. पियानोचा पेडल दाबून ठेवायचा, एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा, आणि वरून बासरी. सगळं काचेवर वाफ धरल्यासारखं. मी पंचवीस वर्षं या गावात भिंगं तपासून चित्र स्वच्छ करायचं काम केलं, आणि मला आवडतं ते हे धूसर.

मुखपृष्ठाच्या आत एक सूचना आहे. प्रत्येक रचनेआधी तिची कविता ऐकणाऱ्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचावी. जर्मनमध्ये आजी वाचतील. मराठीत मी वाचणार होते, आता तू वाच. लग्नाआधी आकाशवाणीवर श्रुतिका करायचीस, ती विद्या बटाटे सोलण्यात गेली. तिसरी कविता मला सगळ्यात जवळची आहे. माझं ओबडधोबड भाषांतर असं:

घरात दिवा आहे, मी अंगणात.
माझं नाव कुणी घेत नाही,
पण दारही पुरतं लावलेलं नाही.
फटीतला उजेड माझ्या बुटांपर्यंत येतो
आणि तिथेच थांबतो.
आत येऊ का, असं मी विचारलं नाही.

सुधार आणि पाठव. शाळेच्या शरद सुट्टीत अन्वीला आठवडाभर माझ्याकडे धाड. एकटीला.

सुलेखा

*

स्टुटगार्ट, २४ सप्टेंबर २००६

वन्सं,

वाकून नमस्कार, तुम्हाला तसाच लागतो. गाठ काढून घेतलीत आणि आम्हाला आत्ता कळवताय. ह्यांनी पत्र वाचलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, ताई अशीच. मला तेवढ्यावर गप्प बसता येत नाही. साधी म्हणजे काय साधी? डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळवा. आणि आवाज बसलाय तर हळद-दूध घ्या. तुम्ही हसाल, हसा.

अन्वीला पाठवते. खरं सांगू का, पाठवायला मन होत नाही. ही मुलगी माझ्याशी बोलत नाही हो. सोळाव्या वर्षी सगळ्याच गप्प होतात म्हणतात, पण तुमचं नाव निघालं की हिचं तोंड उघडतं. आत्या असं म्हणते, आत्या तसं करते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की आपण बोललो. परवा मी स्वयंपाकघरातून ओरडले, अन्वी, कपडे काढ. मशीन थांबलं होतं, त्यातले म्हणायचं होतं. ती दारात येऊन उभी, चेहरा लाल, "वास?" म्हणाली, जर्मनमधलं "काय?". मी म्हटलं, वास नाही गं, कपडे. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. मीही हसले, पण नंतर मला वाईटच वाटलं. हिला माझ्या शब्दांतला नेमका अर्धा अर्थ पोचतो.

म्हणून तुमचा हेवा वाटतो, लपवत नाही. तुमच्या दोघींच्यामध्ये पियानो असतो, भाषा लागत नाही. पाठवते, पण तशीच परत पाठवा.

कवितेबद्दल. बुटांपर्यंत नको, पावलांपर्यंत. बूट म्हटलं की मला आपल्या दाराबाहेरचं शू-रॅक दिसतं. आणि शेवटची ओळ कोरडी आहे. वाचून पाहिली, जीभ अडते. मी अशी केली: "आत येऊ का, विचारायचं राहून गेलं." कशी वाटते?

तुमची सरिता

*

येना, ८ ऑक्टोबर २००६

सरिता,

पावलं मान्य. शेवटची ओळ अमान्य. "राहून गेलं" म्हणजे कुणीच काही केलं नाही, आपोआप झालं. आपल्या घरात सगळं राहूनच जातं. माझं लग्न राहून गेलं. बाबा गेले तेव्हा इथून, त्या वेळच्या पूर्व जर्मनीतून, निघायचा परवाना वेळेवर मिळाला नाही, त्यांना भेटायचं राहून गेलं. बर्लिनची भिंत पडल्यावर परत यायचं म्हणत होते, तेही राहून गेलं. या कवितेतला माणूस अशी पळवाट काढत नाही. तो म्हणतो, मी विचारलं नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे. तसंच ठेव.

अन्वीची चिंता करू नकोस. ती बोलत नाही याचा अर्थ ती ऐकत नाही असा नव्हे. तू घरी म्हणतेस ते श्रुतिकेतले संवाद ती माझ्यासमोर म्हणून दाखवते, तुझ्या आवाजात. हे तुला माहीत नसणार.

डॉक्टरांचा कागद लॅटिनमध्ये आहे, तुला काय कळवणार. माझ्या आवाजाबद्दल तिला आधीपासून काही सांगू नकोस, उगाच घाबरेल. मी बघून घेईन. न्युर्नबर्गला गाडी बदलायची आणि येना पाराडीजला उतरायचं. पाराडीज म्हणजे स्वर्ग, अशा नावाच्या स्टेशनावर कुणी न्यायला आलं नाही तर वाईट दिसेल, म्हणून मी फलाटावर असेन.

सुलेखा

*

स्टुटगार्ट, ५ नोव्हेंबर २००६

वन्सं,

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिते.

माझी मुलगी सोमवारी तुमच्याकडे आली आणि मंगळवारी परत. आठवडा राहणार होती. मी संध्याकाळी कामावरून आले तर ही सोफ्यावर कोट घालून बसलेली, बूटसुद्धा काढले नव्हते. काय झालं, आत्याला बरं नाही का, मी विचारत राहिले. ह्यांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, तिला मी तिथे नको होते, तिनं मला घालवलं. बासरीची पेटी पलंगाखाली गेली आहे. अॅडव्हेंटला वाजवणार नाही म्हणाली, नी वीडर, परत कधीच नाही. रोज संध्याकाळी या घरात सूर असायचे, आता शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो.

तुम्ही तिला घराबाहेर काढलंत. काय केलं होतं तिनं? चुकीचं वाजवलं? सोळा वर्षांची पोर, तुमच्यासाठी रोज शाळेतून आल्यावर त्या रचना घोटत होती. तुमची शिस्त मला माहीत आहे, लग्न होऊन आले तेव्हा मी चहात आधी दूध घातलं म्हणून तुम्ही मला कसं बघितलं होतंत तेही आठवतं. मला बघितलंत ते चाललं. हिला नाही चालणार.

तुमच्याकडे हिचं तोंड उघडायचं, म्हणून मी हेवा गिळून तिला पाठवत होते. आता ती कुणाकडेच बोलत नाही. एवढी एक खिडकी होती, ती तुम्ही लावलीत. ह्यांना फोन करायचा होता, मी म्हटलं, उचलणार नाहीत. उत्तर द्यायचं असेल तर द्या.

सरिता

*

येना, २६ नोव्हेंबर २००६

सरिता,

उशीर झाला. मधे पुन्हा क्लिनिकमध्ये होते.

मी तिला काढलं नाही. ती गेली. आणि का गेली ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र तिला रागावण्यासाठी वापरू नकोस. दोष माझा आहे, मी तुम्हाला खोटं सांगितलं.

गाठ साधी नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वरयंत्रच काढलं. हा शब्द मराठीत किती नेमका आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं. आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, मी तिथून श्वास घेते. आवाज बसलेला नाही, आवाज नाहीच. त्याऐवजी दाढी करायच्या मशीनएवढं एक यंत्र दिलंय. ते गळ्याला लावायचं आणि ओठ हलवायचे, की ते बोलतं. स्टेशनावरच्या लाउडस्पीकरसारखं, एकाच सुरात. त्यात विचारणं, सांगणं, लाड करणं सगळं सारखंच ऐकू येतं. उल्हास मशीनवर "ताई, आहेस ना" म्हणत होता तेव्हा मी फोनपाशीच बसले होते. त्या आवाजात त्याला "आहे" म्हणायचं धाडस झालं नाही.

अन्वीसमोर मी रुमाल बांधला होता. पहिल्या दिवशी पाटीवर लिहून भागवलं. ती काही विचारत नव्हती, पण माझ्याकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिसरी रचना घेतली. तिथे हात पियानोवर गुंतलेले, पाटी धरता येईना, म्हणून एका हातानं डावी बाजू वाजवत दुसऱ्या हातानं यंत्र लावलं आणि तिला सूचना देऊ लागले. रुमाल सरकला. तिनं भोक पाहिलं, आवाज ऐकला, तिचा रंग उतरला. तिची ती धातूची बासरी सुटी करून तीन तुकड्यांत पेटीत घातली, कोट घेतला आणि गेली. मी जिन्यापर्यंत गेले, हाक मारता येत नव्हती.

तिला दोष देऊ नकोस. मी आरशात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही न्हाणीघराबाहेर पळाले होते. सोळाव्या वर्षी कुणालाही किळस येईल. तिला सांग, आत्या रागावलेली नाही.

सुलेखा

*

स्टुटगार्ट, ३ डिसेंबर २००६

वन्सं,

पत्र वाचून हे जमिनीवरच बसले. मी लिहिलेलं मागचं पत्र फाडून टाका, म्हणजे मला कधी आठवलं तर निदान तुमच्याकडे ते नाही असं वाटेल. हे खोटं तुम्ही का बोललात यावर मला तुमच्याशी खूप भांडायचं आहे, पण समोर बसून.

अन्वीला मी पत्र वाचून दाखवलं, सगळं, सावकाश, मराठीतच. ती ऐकत होती. किळस हा शब्द तिला कळला नाही, मी जर्मनमध्ये सांगितला. मग ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, नाइन. किळस नाही. भोक तिला आधीच माहीत होतं, पहिल्या रात्री तुम्ही झोपलेल्या असताना रुमाल सुटलेला होता, तिनं तुमच्या अंगावर पांघरूण घातलं आणि रडली. तुमच्याकडे बघत नव्हती ती बघितलं की रडू येईल म्हणून. आणि रडलेलं आत्याला चालत नाही, असं तिला वाटतं.

मग गेलीस का, मी विचारलं. तर म्हणाली, आत्यानंच सांगितलं. यंत्र लावून, माझ्याकडे बघून, पुन्हा पुन्हा. काय सांगितलं? तेव्हा तिनं तो शब्द मराठीतच उच्चारला, तुमच्या त्या यंत्रासारखा, सपाट.

"बाहेर. बाहेर. बाहेर."

वन्सं, तुम्ही असं म्हणालात का? म्हणाला असाल तर का, तेवढं सांगा. ती वाट बघते आहे. मीही.

सरिता

*

येना, १० डिसेंबर २००६

सरिता,

हो, म्हणाले. तुझं पत्र हातात घेऊन पियानोपाशी गेले, ते पान उघडलं, आणि मला पियानोचं झाकण लावून बसावं लागलं.

तिसऱ्या रचनेत दुसऱ्या पानावर बासरीच्या ओळीवर दोन बारीक शब्द छापलेत. फ्रेंच लोक सुरांवर अशा सूचना लिहून ठेवतात. शब्द आहेत "आँ दऑर". शब्दशः अर्थ बाहेर. पण वादकांच्या भाषेत त्याचा अर्थ, हा सूर पियानोच्या गर्दीतून पुढे येऊ दे, झाकून ठेवू नकोस, बाहेर आण. तिथे पियानो सगळा धूसर असतो आणि त्यातून एकटी बासरी वर यायला हवी. अन्वी घाबरून फार हळू वाजवत होती. तिचा सूर माझ्या सुरांत बुडत होता. मी तिला म्हणत होते, बाहेर, अगं बाहेर. गळा असता तर तिला कळलं असतं की मी विनवते आहे. यंत्राला विनवता येत नाही.

जर्मनमध्ये म्हणाले असते तरी चाललं असतं. पण अन्वीशी मी कायम मराठीत बोलते. तो माझा हट्ट.

म्हणजे मी तिला सांगत होते की तुझा सूर ऐकू येऊ दे, आणि तिनं ऐकलं की चालती हो. आणि ती गेल्यावर मी महिनाभर समजत होते की तिला माझी किळस आली. एका घरातली माणसं एकमेकांना इतकी कमी कळतात याचं मला फार वाईट वाटलं. तुला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अॅडव्हेंटला येता येणार नाही. गाठ मानेत दुसरीकडे उठली आहे, नाताळानंतर पुन्हा उपचार. आजींची माझ्यातर्फे क्षमा माग. अन्वीला सांग.

सुलेखा

*

स्टुटगार्ट, १७ डिसेंबर २००६

वन्सं,

सांगितलं. तिनं आधी फ्रेंचचा कोश काढला आणि खात्री करून घेतली. आपल्याच घराण्याची आहे. मग म्हणाली, ब्लोड. मूर्ख. कुणाला म्हणाली ते विचारलं नाही. पलंगाखालून पेटी काढली. आता रोज तिसरी रचना वाजवते, एकटी, आणि जिथे तुमचा पियानो आहे तिथे थांबते, पायानं ताल मोजत, मग पुढे. मधली ती रिकामी जागा ऐकवत नाही मला. मी भाजीत डोकं घालते.

मला एक गोष्ट लक्षात आली ती तुम्हाला लिहायलाच हवी. "बाहेर" हा शब्द तिनं आयुष्यात कुठे ऐकलाय? माझ्याकडूनच. ती चिखलाचे बूट घालून आत आली की मी म्हणते, बाहेर. स्वयंपाकघरात लुडबुड केली की, बाहेर. पाहुण्यांसमोर ह्यांच्याशी भांडायचं असलं की तिला, बाहेर. या घरात हा शब्द कधी चांगल्या अर्थानं उच्चारलाच गेला नाही, तर तिला तुमचा अर्थ कुठून लागणार? तुमच्या यंत्राला सगळा दोष देऊ नका, थोडा मलाही द्या.

आजींकडे आम्ही गेलो नाही. त्यांनी मैफल रद्द केली आणि म्हणाल्या, वसंतात करू. त्यांना मी हो म्हटलं. तुम्हीही हो म्हणा.

आम्हाला येऊ द्या. ह्यांनी सुट्टी टाकली आहे. तुम्ही नको म्हटलंत तर हे येणार नाहीत, लहानपणापासून तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. म्हणून हो म्हणा.

तुमची सरिता

*

येना, ११ फेब्रुवारी २००७

सरिता,

अक्षर असं का आलंय ते विचारू नकोस. उपचार थांबवले. माझ्या सांगण्यावरून. आता मला टेकडीवरच्या एका लहानशा घरात हलवलंय, इथे लोक बरे व्हायला येत नाहीत. खिडकीतून गाव दिसतं, बहुतेक वेळा धुक्यात. औषधं दुखू नये एवढ्यापुरतीच. आणि ती झोप आणतात.

या. तिघंही या. पियानो इथे नाही, पण अन्वीनं बासरी आणावी. मी पांघरुणावर वाजवेन, माझं मला ऐकू येईल.

दुसरं, "राहून गेलं" ठेव. तुझं बरोबर होतं. "मी विचारलं नाही" असं म्हणायला माणूस दोन पायांवर ताठ उभा असावा लागतो. आडवं पडलं की बहुतेक सगळं राहूनच गेलेलं दिसतं. तुम्हाला वेळेवर बोलवायचंसुद्धा.

लवकर या.

सुलेखा

*

स्टुटगार्ट, २५ फेब्रुवारी २००७

वन्सं,

काल परत आलो. तुम्हाला आतून दिसलं नसेल ते सांगायला हे पत्र लिहिते आहे, आणि एक विचारायलाही.

तुम्हाला इतकं बारीक झालेलं पाहून मला वाटलं होतं की वाचता येणार नाही. पण तुम्ही यंत्रानं "श्रुतिका" म्हणालात, आणि मग काय, वाचलं. मी तिसरीच कविता वाचली, बाकी दोन्ही ऐकायला तुमच्यात दम नाही हे दिसत होतं. शेवटच्या ओळीला तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सतरा-अठरा वर्षांत असं बघितलं नव्हतंत कधी. चहातलं दूध मी माफ केलं.

मग अन्वी वाजवू लागली आणि तुमची बोटं पांघरुणावर. मी बोटांकडेच बघत होते. ती कुठे थांबते, तुम्ही कुठे चालता, सगळं मला आता पाठ आहे. आणि दुसऱ्या पानावर तुम्ही यंत्र उचलून गळ्याला लावलंत आणि म्हणालात, "बाहेर." आणि ओठांच्या कडेला तुम्ही हसलात. हे यंत्राला जमलं नाही, ओठांना जमलं. तिला कळलं, वन्सं. ती हसली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसली, आणि वाजवत वाजवत खरंच दाराबाहेर गेली. तुम्ही सांगितलेलं बाहेर आणि तिनं समजलेलं बाहेर, दोन्ही एकदम.

मीही तिच्यामागोमाग गेले. कॉरिडॉरमध्ये ती दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती. हे दाराबाहेरच्या खुर्चीवर हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसे, हे कधी देवळात जात नाहीत. समोरच्या खोलीतले एक आजोबा चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आले. तिचा सूर इतका मोठा आणि इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. तो बाहेर आला होता. तुम्हाला आत तसाच ऐकू आला का?

संपल्यावर तिनं बासरी खाली केली आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन विचारलं. मराठीत. सहा-सात वर्षांनी हिच्या तोंडून मराठी वाक्य ऐकलं मी, आणि ते मला नव्हतं, तुम्हाला होतं, तरी मला आनंदच झाला.

"आत्या, आत येऊ का?"

तेवढ्यात नर्स तुमची गळ्यातली नळी साफ करायला आत गेली होती, पडदा ओढलेला होता, ती म्हणाली, आत्ता नको. आम्ही थांबलो. मग तुम्ही औषधानं झोपलात. शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो, तुम्ही उठला नाहीत. ह्यांनी तुमच्या पायांना हात लावला आणि आम्ही निघालो.

न्युर्नबर्गला गाडी बदलताना तिनं मला विचारलं, आणि घरी आल्यावर परत विचारलं, आत्यानं ऐकलं का? मी हो म्हटलं. ती म्हणते, तुला कसं माहीत, तू बाहेर होतीस. खरं आहे. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला लिहवत नसेल तर नर्सला सांगा, एक शब्द पुरे. नाहीतर ही मुलगी आयुष्यभर त्या दारात उभी राहील.

तुमची सरिता

*

(हे कार्ड येनाहून, अंत्यविधी उरकून तिघं परतली त्या दिवशी स्टुटगार्टच्या टपालपेटीत होतं. पत्ता नर्सच्या अक्षरात, मजकूर सुलेखाच्या.)

अन्वी,

ऐकलं. सूर छान बाहेर आला.

यंत्र पलंगाखाली पडलं होतं. मी उत्तर दिलं होतं, तुला ऐकू गेलं नाही एवढंच.

ये.

आत्या